शिंगराच्या खालच्या जबड्यावर पुढे टणक गाठ, दातातलं गळू म्हणतायत पण पटत नाहीये

माणदेशी_लगाम:
नमस्कार मंडळी. आमच्याकडं मारवाडी शिंगरू आहे, मादी, १३ महिन्यांची, आई सारंगखेड्याच्या बाजारातून आणली तेव्हा ही पोटात होती. दीड महिन्यापूर्वी खरारा करताना खालच्या ओठाच्या आत काहीतरी टणक लागलं, तेव्हा सुपारीएवढं होतं, आता लिंबाएवढं झालंय. खालचे पुढचे दात फाकलेत, मधली हिरडी लालभडक, बोट घासलं की रक्त येतं. खाणं चांगलं आहे, ताप नाही, फक्त गवत खुडताना मान वाकडी करते. इथल्या डॉक्टरांनी दातातलं गळू म्हणून ५ दिवस अँटिबायोटिक आणि सुजेचं इंजेक्शन दिलं, तसूभर फरक नाही, आता म्हणतात चिरून पू काढू. अहो पण दाबलं तर नुसता दगड, पू असता तर कुठंतरी मऊ लागलं नसतं का? शेजारचे म्हणतात दात बदलताना अशा गाठी येतातच, आपोआप जातात. काय करू?

जुना_टांगेवाला:
दादा, दात बदलतानाच्या गाठी मी ढीगभर पाहिल्यात पण त्या अशा नसतात. आमच्या ३ वर्षांच्या घोड्याला जबड्याच्या खालच्या कडेला दोन्ही बाजूंना आल्या होत्या, हात फिरवला की बोरं ठेवल्यासारख्या, दुखत नव्हत्या, वर्षभरात विरल्या. दुसरं म्हणजे चोकर किती घालता? एका घोड्याला मालक तोबरा भरभरून नुसता गव्हाचा चोकर द्यायचा, स्वस्त पडतो म्हणून. त्याचं तोंड दोन्हीकडून फुगलं, सगळे गाठ गाठ म्हणत बसले आणि निघाली कॅल्शियमची कमी. चोकरात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम नावाला, मग शरीर हाडातलं कॅल्शियम ओढतं. पण तुमचं तर एकाच जागी आहे, आणि पुढं. चिरायची घाई करू नका एवढंच सांगतो.

पागेवरची_डॉक्टर:
चिरू नका हे खरंच. गाठ कुठे आहे आणि जनावर किती वयाचं आहे या दोन गोष्टींवर निम्मं निदान होतं. दात फुटतानाच्या गाठी दाढांच्या मुळांखाली येतात, साधारण अडीच ते पाच वर्षांच्या वयात, बहुतेकदा दोन्हीकडे. मुळाशी पू झाला तर जबड्याच्या खालच्या कडेला भोक पडून पाणी येत राहतं. तुमचं एक वर्षाचं शिंगरू, खालच्या जबड्याचं टोक, हाडासारखी टणक गाठ, दात फाकलेले, हे वर्णन वाचून माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ऑसिफाइंग फायब्रोमा, म्हणजे आत हाड तयार होणारी गाठ. बहुतेक दोन वर्षांखालच्या शिंगरांत आणि नेमका तिथेच येतो. शरीरात इतरत्र पसरत नाही पण जागेवर झपाट्याने वाढतो, म्हणून थांबून बघू म्हणण्यासारखा नाही. पण फोटो न बघता मी नाव ठोकून सांगणार नाही, जुन्या फ्रॅक्चरवर जमलेलं हाडही असंच लागतं, लाथ बसली होती का कधी?

आधी गुंगी देऊन तोंडात हात आणि टॉर्च, मग एक्स-रे. बाजूने एक घ्याच, पण खरा उपयोगी पडतो तो प्लेट दातांमध्ये ठेवून खालून वर घेतलेला, कारण बाजूच्या फोटोत दोन्हीकडची हाडं एकमेकांवर चढतात. दाताच्या पेशींपासून झालेली गाठ असेल तर कधी पोकळ बुडबुडे दिसतात, कधी आत दातासारखेच पांढरे तुकडे.

आणि गाठीचा तुकडा काढून लॅबमध्ये तपासल्याशिवाय नाव कळत नाही. सुईने भागणार नाही, हाडात काय जाणार सुई. वरवरची हिरडी खरवडून पाठवली की रिपोर्ट येतो 'सूज' आणि सगळे निर्धास्त होतात, म्हणून खोलातला तुकडा घ्यायला सांगा. तुकडा सडू नये म्हणून १० टक्के फॉर्मेलिनचं द्रव, तुकड्याच्या दहापट, आणि रुंद तोंडाची बरणी. औषधाच्या बाटलीत कोंबलेला तुकडा आत कडक होऊन बसतो, मग लॅबवाले बाटली कापतात. फ्रीजरमध्ये अजिबात नको. सोबत एक्स-रे पण पाठवा, नुसता तुकडा बघून या गाठी एकमेकींसारख्या दिसतात. हाड मऊ करायला लॅबला दिवस लागतात, रोज फोन करून त्यांचा जीव खाऊ नका 😀

घोडनाल:
तुकड्याचं डॉक्टर बोलल्या ते लाखमोलाचं. आमचा १९ वर्षांचा घोडा, एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी यायचं, चावलेल्या कडब्याचे बोळे खाली पडायचे. आधी ग्लँडर्सची टेस्ट केली, हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो म्हणून, ती निगेटिव्ह. मग सडकी दाढ म्हणून काढली, तर खड्डा भरेचना, मांस वर येत राहिलं. तीन महिन्यांनी तिथला तुकडा पाठवला, निघाला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. दाढ काढली त्याच दिवशी पाठवला असता तर... जाऊदे.

माणदेशी_लगाम:
अपडेट. मोठ्या दवाखान्यात नेली. लाथबिथ काही नव्हती. प्लेट पिशवीत गुंडाळून तोंडात धरली तर गुंगीतसुद्धा पठ्ठीने पिशवीला दोन भोकं पाडली. फोटोत जबड्याचं टोक फुगून कापसाच्या बोंडासारखं दिसतंय. तुकडा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत नेला, तोंड रुंद होतं 🙏 १६ दिवसांनी रिपोर्ट आला, ऑसिफाइंग फायब्रोमा. डॉक्टर ताई तुम्ही म्हणालात तेच. खालचे पुढचे दात धरून जबड्याचं टोक काढायचं म्हणतात, गाठ मागं सरकायच्या आत. सगळे दात गेल्यावर ती चरणार कशी हो?

पागेवरची_डॉक्टर:
घोडा गवत दातांपेक्षा ओठांनी जास्त गोळा करतो. अगदी बुटकं गवत जमणार नाही, कुट्टी आणि कापलेला लसूण घास घाला. जीभ थोडी बाहेर लोंबेल, त्याची भीती नको. काढलेला सगळा भाग पुन्हा लॅबला पाठवायला सांगा, कडेला गाठ शिल्लक आहे का ते बघायला. यावेळी लोणच्याची बरणी पुरायची नाही.