‘सारायेवोची जिद्द’ आणि त्या जिद्दीला रोज लागणारं साठ लिटर पाणी

शेवंती (धागा)

परवा इथेच ‘युद्धातही जगणं थांबत नाही’ असा लेख आला. उदाहरण सारायेवोचं, बोस्नियाच्या राजधानीचं. बोस्नियन सर्ब फौजांनी भोवतालच्या डोंगरांवरून त्या शहराला वेढा घातला होता. वेढ्यात असताना लोकांनी नाटकं केली, पावाच्या रांगेवर गोळे पडले त्या जागी एक वादक बावीस दिवस चेलो वाजवत बसला, मे १९९३ मध्ये सौंदर्यस्पर्धासुद्धा झाली. निष्कर्ष काय, तर माणूस कशाशीही जुळवून घेतो आणि संकटात समाज उलट घट्ट होतो. खाली सगळ्यांनी हात जोडलेत.

मला या ‘जुळवून घेतो’चा राग आला, म्हणून हा स्वतंत्र धागा. वेढा चालला ५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६, एकूण १,४२५ दिवस. त्यातल्या एका दिवसाचं फक्त पाणी बघू.

शहराचं मुख्य पाणी बाचेवोच्या विहिरींचं, इलिजाच्या बाजूचं, म्हणजे वेढा घालणाऱ्यांच्या ताब्यातलं. ते पंपाने शहरात चढवावं लागतं. त्यामुळे नळ कोरडे पाडायला कुणी व्हॉल्व्हला हात लावायची गरज नव्हती, वीज तोडली की पाणी आपोआप गेलं. विजेची तार जोडायला माणसं पाठवायची तर दोन्ही बाजूंची परवानगी हवी, आणि जोडलेली तार पुन्हा तुटायला एक गोळा पुरतो.

मग उरले झरे आणि हातपंप. सगळ्यात भरवशाचा झरा बिस्त्रिकमधल्या बिअर कारखान्याच्या आवारातला. मदतकार्यात आज दरडोई १५ लिटर हे किमान मानक धरतात, पिणं, स्वयंपाक आणि अंग धुणं मिळून. चार माणसांच्या घराला ६० लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन कॅन, साठ किलो. रस्ता चढाचा, लिफ्ट बंद, घर सहाव्या-आठव्या मजल्यावर. एका खेपेत धडधाकट माणूस दोन कॅन नेईल, म्हातारं माणूस अर्धा. म्हणून बहुतेक घरं त्याहून कितीतरी कमी पाण्यात राहिली.

तेही पाणी एकदा वापरून संपत नसे. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी, त्यात फडकी-कपडे, त्यात फरशी, शेवटी संडासात. आणि गाडी अडते ती तिथेच. संडासाला एका वेळी आठ-दहा लिटर जोरात लागतं. तांब्या-तांब्याने ओतलं तर मैला उभ्या नळातून खाली जातो, पण तळघराशी जिथे नळ आडवा होतो तिथे साचतो. काही आठवड्यांत तुंबतो आणि सगळ्यात खालच्या मजल्यावर उलटा येतो. तोफा सुरू झाल्या की अख्खी इमारत त्याच तळघरात जाऊन बसायची.

रांगेबद्दल वेगळं सांगायला नको. पाण्याची जागा ठरलेली, ती डोंगरावरच्यांनाही ठाऊक. १२ जुलै १९९३ ला दोब्रिन्या या वस्तीत पंपाच्या रांगेवर ८२ मिमीचा मॉर्टर गोळा पडला, डझनभर माणसं गेली. ती तिथे उभी होती कारण घरातलं पाणी संपलं होतं. याला जुळवून घेणं म्हणू नका एवढंच माझं म्हणणं.

अनवट

तो लेख माझा आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

लिटर बरोबर आहेत, पण लिटरांवर थांबलात तर वेढा घालणाऱ्यांना जे हवं होतं तेच तुम्ही लिहिताय. त्यांना शहरातल्या माणसाच्या डोक्यात पाणी, लाकूड आणि पाव याशिवाय काहीही उरायला नको होतं. २५ ऑगस्ट १९९२ च्या रात्री राष्ट्रीय ग्रंथालयावर आगीचे गोळे टाकले. तिथे ना पंप होते ना फौज, होती फक्त पुस्तकं. अशा शहरात ‘ओस्लोबोजेने’ हे दैनिक इमारत जमीनदोस्त झाल्यावरही तळघरातून निघत राहिलं. शाळा जिन्यांत भरल्या, कारण जिन्याला खिडक्या कमी आणि चहूबाजूंनी भिंती. जिद्द म्हणतो ती याला. ती माणसं बिचारी नव्हती, आणि त्यांना बिचारं करून सोडण्याचा मला जास्त राग येतो.

घरातल्या युक्त्या तर बघा. मेणबत्त्या संपल्यावर काचेच्या बरणीत पाणी, वर दोन बोटं तेल, त्यावर भोक पाडलेलं बूच, त्यातून ओवलेली बुटाची नाडी. झाला दिवा. पत्र्याच्या डब्यांच्या चुली. घराघरांत लोकांनी स्वतः चर खणून गॅस आणला, मिळेल ती नळी जोडून. हे कौतुकाचं नाही?

मिरजमळा

चर खणणं कौतुकाचं आहे. ‘मिळेल ती नळी’ अजिबात नाही. वाचून कुणीतरी उद्या करेल म्हणून सविस्तर लिहितो, अवांतर वाटलं तरी.

सारायेवोला येणारा गॅस नैसर्गिक वायू, रशियातून, झ्वॉर्निकमार्गे. घरात तो साधारण २० मिलिबार दाबाने शेगडीपर्यंत यायला हवा, म्हणजे पाण्याचा जेमतेम वीस सेंटिमीटरचा स्तंभ पेलेल एवढाच. हा दाब रेग्युलेटर ठरवतो. लोकांनी रस्त्यातल्या मुख्य वाहिनीला बागेची नळी जोडली तेव्हा मध्ये रेग्युलेटर नसे. वर दाब वाढला की ज्योत बर्नरवरून उडते, कमी झाला की आत ओढली जाते.

बागेची नळी शेगडीजवळ मऊ पडते, उणे दहात कडक होऊन चिरते. सांध्यावर क्लिप नसते, तार पिळलेली असते, आणि तार नळीला कापत जाते. हे सगळं एकवेळ साबणाचा फेस लावून तपासता येतं, बुडबुडा दिसला की गळती. खरा घात वेगळाच.

पुरवठा मध्येच बंद होतो, ज्योत विझते. नॉब उघडाच राहतो, कारण गॅस परत कधी येईल ते कुणालाच माहीत नसतं, लोक वाट बघत झोपतात. पहाटे गॅस येतो आणि खोली भरते. हवेत ५ ते १५ टक्के झाला की एका ठिणगीचं काम. मूळ वायूला वास नसतो, वास मुद्दाम घालावा लागतो, आणि युद्धात ती यंत्रणा बंद पडली की नाकही कामाला येत नाही. जुगाडाच्या जोडण्यांतून तिथे स्फोट झाले, माणसं भाजली, ती यामुळे.

खडकवासला

गळतीचं खरं, पण सिलिंडरवाल्या घरात आपण खाली वास घेतो, गॅस जमिनीलगत बसतो. खिडकीखाली फट ठेवली असती तरी बरंच वाचलं असतं.

मिरजमळा

नाही, हीच चूक जीव घेते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड-दोन पट जड, तो खाली बसतो. नळाचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, छताला चिकटतो. त्याला फट वर हवी. मुंबई-पुण्यात नळजोडणी घेतलेल्यांनीही हे लक्षात ठेवावं. शेगडीचा जेट, म्हणजे गॅस बाहेर पडतो ते बारीक भोक, तोही वेगळा. सिलिंडरच्या जेटवर नळाचा गॅस लावला तर ज्योत एवढीशी येते, उलट केलं तर मोठी, पिवळी, काजळी धरणारी.

शेवंती

यात खिडकीचा मुद्दा घाला. शहरात काचा उरल्याच नव्हत्या. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने वाटलेला जाड प्लास्टिकचा कागद चौकटींवर ठोकलेला, थंडी येऊ नये म्हणून कडेने चिंध्या कोंबलेल्या. घरातली सगळी माणसं एकाच खोलीत, कारण एकच खोली ऊबदार ठेवणं परवडतं. आणि त्या बंद खोलीत उघडा बर्नर रात्रभर. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला कुठलाच वास नाही. अनवट, तुमच्या कौतुकाच्या यादीत हे कुठे बसतं?

अनवट

तुम्ही माझ्या तोंडी नसलेलं घालताय. धोका नव्हता असं मी म्हटलेलं नाही. गॅस नसता तर काय जाळलं असतं? बागांतली झाडं पहिल्याच हिवाळ्यात गेली. मग कपाटं, लाकडी फरशा, जुने बूट, शेवटी पुस्तकं. चप्पल-बूट जाळलेल्या खोलीतला धूर बर्नरपेक्षा बरा का? पर्याय वाईट आणि त्याहून वाईट एवढेच असताना माणसाने हात-पाय हलवले याला मी मान देतो. दूर बसून क्लिप आणि जेट मोजणं सोपं आहे.

मिरजमळा

क्लिप मोजणाऱ्यांनीच पुढे माणसं वाचवली. फ्रेड क्युनी हा टेक्सासचा अभियंता तिथे गेला तो भाषण द्यायला नाही. इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीकडून प्लास्टिकचे योग्य पाइप आणि झडपा आल्या, चर लोकांनीच खणले. माझा मुद्दा एवढाच की चर तेच, हात तेच, फरक सामानाचा. चांगला पाइप वेढ्याच्या आत पोचतो की नाही यावर घर पेटायचं का शिजायचं ते ठरलं. जिद्द दोन्ही वेळेला सारखीच होती.

आणि शेवंतींच्या पाण्याचं उत्तरही त्यानेच काढलं. शुद्धीकरणाची यंत्रणा तुकड्यांत बांधली, प्रत्येक तुकडा हर्क्युलिस या मालवाहू विमानाच्या पोटात बोटभर फटीने मावेल असा. ती रस्त्याच्या जुन्या बोगद्यात बसवली, म्हणजे वर गोळा पडला तरी हरकत नाही. पाणी मिल्याट्स्का नदीचं. गाळ आधी बसू द्यायचा, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन मातीशीच खर्च होतं. मग क्लोरीन, अर्ध्या तासाने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम तरी शिल्लक राहायला हवं. यंत्रणा तयार झाल्यावर मात्र शहराच्या अधिकाऱ्यांनी परवानगी अडकवून ठेवली, पाणी शुद्ध नसल्याचं कारण देत. म्हणजे तोटी तयार, आणि लोक रांगेतच.

चौथाकोपरा

इथे कुणी बोलतच नाहीये ते मी बोलतो. ‘समाज घट्ट होतो’ म्हणे! चलन कुठलं होतं? जर्मन मार्क. ज्याचं माणूस जर्मनीत त्याला साखर, बाकीच्यांना मदतीचा डबाबंद गोमांसाचा गोळा. आजही बोस्नियाच्या चलनाचं नाव ‘परिवर्तनीय मार्क’ आहे.

शहराचं रक्षण पहिल्या दिवसांत ज्यांनी केलं त्यांत सराईत गुंड होते. मुशान तोपालोविच, टोपणनाव त्सात्सो, दहाव्या डोंगरी ब्रिगेडचा कमांडर. त्याची माणसं रस्त्यावरून जाणाऱ्याला उचलून आघाडीवर खंदक खणायला नेत. शहराजवळच्या काझानी नावाच्या खड्ड्यात शहरातल्याच सर्ब नागरिकांना मारून टाकलं. सरकारने २६ ऑक्टोबर १९९३ ला त्याच्यावर कारवाई केली, त्यात पोलीसही मेले. युद्धानंतर त्याच त्सात्सोच्या दफनाला हजारोंची गर्दी झाली. घट्ट झालेला समाज तो हाच का?

खडकवासला

काझानी खरं आहे, पण तेवढंच सांगितलं तर दोन्ही बाजू सारख्या असा अर्थ निघतो आणि तो खोटा आहे. डोंगरावरून शहरावर सरासरी रोज तीनशेच्या वर गोळे पडत, २२ जुलै १९९३ ला ३,७७७. बोस्नियाच्या सैन्याचा उपसेनापती योवान दिव्याक स्वतः सर्ब होता. गालिच या वेढा घालणाऱ्या फौजेच्या सेनापतीला हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाने नागरिकांत दहशत पसरवल्याबद्दल अपिलात जन्मठेप दिली.

माझा राग संयुक्त राष्ट्रांवर आहे. विमानतळ त्यांच्या ताब्यात, म्हणजे वेढ्याला पडलेली एकमेव फट त्यांच्या हातात. रात्री धावपट्टी ओलांडणाऱ्यांवर हेच सैनिक दिवे टाकून त्यांना परत पाठवत, आणि त्या उजेडात स्नायपर टिपत. शेवटी लोकांनी धावपट्टीखालून बोगदा खणला. शहरातल्या दोब्रिन्यापासून वेढ्याबाहेरच्या बुटमिरपर्यंत, ८०० मीटर, उंची दीड मीटरच्या जरा वर, रुंदी एक मीटर. कुदळ-फावड्याने, आठ-आठ तासांच्या पाळीत, मजुरी दिवसाला सिगारेटचं एक पाकीट. जमिनीतलं पाणी झिरपून गुडघाभर साचे, ते उपसत राहायचं. जून १९९३ च्या अखेरीस दोन्ही टोकं जुळली. पुढे त्याच ओल्या नळकांड्यातून तेलाचा पाइप आणि विजेची केबल गेली.

चौथाकोपरा

संयुक्त राष्ट्रांच्या त्या फौजेचे पहिले प्रमुख आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फंट्रीचे, मार्च १९९२ पासून वर्षभर. त्यांनाही दोष देणार का? विमानतळाच्या करारातच होतं की तो फक्त मदतीसाठी वापरायचा. तो मोडला असता तर मदतीची विमानंच बंद झाली असती. जुलै १९९२ ते जानेवारी १९९६, १९४८-४९ च्या बर्लिनच्या पुरवठ्यापेक्षाही लांब चाललेला विमान-पुरवठा होता तो.

खडकवासला

नंबियारांना दोष देत नाही. त्यांच्या हातात जेवढी फौज आणि जेवढे अधिकार होते त्यात वेढा फोडणं शक्य नव्हतं, हे मान्य. त्यांनी मुदतवाढ नाकारली ती उगाच नाही. पण करार करणाऱ्यांनी आतल्या साडेतीन लाख लोकांना बाहेर पडायची वाट न ठेवता सही केली, हा दोष राहतोच.

चौथाकोपरा

ठीक. आणि वेढा उठल्यावर, फेब्रुवारी-मार्च १९९६ मध्ये, सर्ब फौजांच्या ताब्यातली उपनगरं बोस्नियाच्या सरकारकडे जाणार म्हणताच तिथल्या हजारो सर्बांनी घरं सोडली, कित्येकांनी शवपेट्या उकरून ट्रकवर घातल्या. हेही त्याच शहरात घडलं. माझं म्हणणं एवढ्यापुरतंच.

अनवट

‘समाज घट्ट होतो’ हे वाक्य मी लेखातून काढतो. काझानी आणि उपनगरं वाचल्यावर ते ठेवता येत नाही. गॅसच्या नळीचा उल्लेखही काढतो, मिरजमळा यांचं म्हणणं पटलं, मनाविरुद्ध का होईना. जिन्यातली शाळा आणि नाडीच्या वातीचा दिवा मात्र राहणार. तो लावणाऱ्याने त्याखाली वाचन केलंय, ते मी पुसणार नाही.

शेवंती

दिवा राहू द्या. फक्त त्यातलं तेल कुठून आलं तेही लिहा. बाजारात तेल नव्हतं, ते मदतीच्या शिध्यातलं स्वयंपाकाचं तेल होतं. वात जाड घेतली तर उजेड जास्त आणि तेल लवकर संपतं, म्हणून नाडी उसवून चार-पाच धागेच ओवायचे. आणि तेल संपत आलं की वात पाण्याला टेकून विझते, त्याआधीच फुंकर मारून उरलेलं तेल चमच्याने काढून घ्यायचं, सकाळच्या स्वयंपाकाला.