फोटोंचे कीवर्ड उडाले, पुन्हा लावायचेत, यावेळी नीट कसे लावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, आधीच सॉरी.

माझ्याकडे साधारण ३८ हजार फोटो आहेत, मोबाइलचे, जुन्या कॅमेऱ्याचे, शिवाय आईकडचे अल्बम स्कॅन करून घेतलेले बाराशे-एक. तीन वर्षं वेळ मिळेल तसे त्यातल्या नऊएक हजारांना कीवर्ड (फोटो शोधायला लावायचे शब्द) लावले होते, रात्री जेवणं उरकली की तासभर तेच. मागच्या महिन्यात लॅपटॉप बदलला, फोटोंचं अख्खं फोल्डर नव्यात टाकलं, ॲपही तेच घेतलं, उघडून बघते तर फोटो सगळे जागच्या जागी आणि कीवर्ड एकालाही नाही. आता कळलं की ते ॲपच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये होते, फोटोच्या फाइलमध्ये एक अक्षर गेलं नव्हतं. आणि जुना लॅपटॉप मी फॉरमॅट करून भाच्याला देऊन मोकळी झाले होते. रडून झालंय, त्यामुळे "बॅकअप घ्यायचा ना" सोडून काहीही सांगा.

तसे माझे कीवर्ड म्हणजे सावळा गोंधळच होता म्हणा. लग्न, लग्नं, विवाह, वेडिंग असे चारही. 'पाऊस' शोधलं की 'पावसात' लावलेले यायचे नाहीत, ॲपला कुठलं आलंय सामान्यरूप. आणि सगळ्यात मोठा घोळ मामाचा. सुरुवातीला 'मामा' म्हणजे माझा मामा, मग मुलं झाल्यावर मी कधी नकळत माझ्या भावालाच 'मामा' लावायला लागले कोण जाणे, शोधलं की दोघे एकत्र. आईचंही तेच, ती निम्म्या फोटोंत 'आई' आणि निम्म्यांत 'आजी'.

परवा मावसभावाला बाबांचा एक फोटो हवा होता, स्कूटरला टेकून उभे आहेत, हेल्मेट काखेत, आणि मागे कुणीतरी अर्धवट कापलं गेलंय तो. दोन संध्याकाळी घालवल्या आणि सापडला कुठे, तर 'नवीन फोल्डर (३)' मध्ये.

तर विचारायचं असं की कीवर्ड फाइलमध्येच राहावेत म्हणून काय करायचं, शब्द कसे ठरवायचे, आणि ३८ हजार फोटो एकेक उघडत बसायचं का?

प्रतिसाद १
ताई, कीवर्ड डेटाबेसमध्ये असले तर शोध पटापट होतो म्हणून बरेच प्रोग्राम तसं करतात, पण फाइलमध्ये लिहायचा पर्यायही बहुतेकांत असतो. लाइटरूम क्लासिक या विकतच्या प्रोग्राममध्ये तो कॅटलॉग सेटिंग्जमध्ये आहे. फुकट हवं असेल तर डिजिकॅम घ्या (हा प्रोग्राम आहे, कॅमेरा नव्हे), त्याच्या सेटिंग्जमध्ये मेटाडेटाच्या (फोटोसोबतच्या माहितीच्या) पानावर टॅग, म्हणजे कीवर्डच, फाइलमध्ये लिहायची खूण असते, ती आधी बघा. रॉ फोटो (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेले) असतील तर कीवर्ड सहसा शेजारी त्याच नावाच्या एक्सएमपी फाइलमध्ये जातात, फोटो हलवताना ती मागे राहिली की पुन्हा तोच प्रकार.

कीवर्ड छोटे ठेवा. जेपीजीत ते दोन ठिकाणी लिहिले जातात, जुनं आयपीटीसी आणि नवं एक्सएमपी, फोटोत माहिती लिहायच्या या दोन पद्धती. आयपीटीसीत एका कीवर्डला ६४ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटर अक्षरं साठवतो ती पद्धत) ३ बाइट खातं, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजून. म्हणजे हातात २१ चिन्हं. 'कॉलेजच्या मैत्रिणींचं संमेलन' लिहिलंत आणि प्रोग्रामने मर्यादा पाळली तर नेमकं संमेलनच उडेल. एक्सएमपीत ही भानगड नाही.

आणि सुरुवातीला फक्त दहा फोटोंना लावा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर कॉपी करा, वेगळ्या प्रोग्राममध्ये उघडा. तिथे दिसले तरच पुढचे करा. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवून तपासू नका, त्यात कीवर्ड राहत नाहीत.

प्रतिसाद २
एवढा खटाटोप कशाला? चेहरे तर हल्ली ॲप आपोआप ओळखतं.

धागाकर्ती
चेहरे ओळखतं हो, पण स्कूटर बाबांची की काकांची ते नाही सांगत. आणि आत्याचा सोळाव्या वर्षीचा चेहरा तर आत्यालाच ओळखू आला नाही.

प्रतिसाद ३
नातं कीवर्डमध्ये घालूच नका, ते बघणाऱ्याप्रमाणे बदलतं. माणसाला नावाने लावा, आणि 'आईकडचे', 'सासरचे', 'शाळा' असे वरचे गट करा, नावं त्यांच्या पोटात. बाकी शब्द कायम मूळ रूपात, एकवचनात: पाऊस, लग्न, स्कूटर. एका वहीत यादी लिहा, नवा शब्द सुचला की आधी वही बघायची, मगच टायपायचं. मी वहीचा कंटाळा केला आणि वर्षभरात माझ्याकडे 'समुद्र', 'समुद्रकिनारा', 'बीच' आणि 'दर्या' जमले, दर्या कुठल्या मूडमध्ये लावलं देव जाणे.

साल कीवर्डात नको, कॅमेरा ते लिहितोच. स्कॅनमध्ये मात्र तारीख स्कॅन केलेल्या दिवसाची पडते, ती अंदाजाने बदला आणि 'तारीख अंदाजे' हा कीवर्ड लावा, नाहीतर दहा वर्षांनी तुम्हीच ती खरी धरून चालाल.

एकेक उघडायची गरज नाही. प्रसंगाप्रमाणे गठ्ठा सिलेक्ट करून सगळ्यांना एकदम लावा, मग त्यातले चार-पाच चांगले निवडून तेवढ्यांना बारकावे. त्याआधी हललेले, दुबार, पंख्याचे आणि पायाच्या अंगठ्याचे फोटो उडवा, तेच पाच-सात हजार निघतील.

धागाकर्ती
खूप आभार! काल दहावर करून बघितलं. आठ फोटोंचे कीवर्ड भाच्याच्या लॅपटॉपवर विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसले, आनंदाने उडीच मारली. दोन कोरे. दोन्ही स्कॅनमधले, आणि बघितलं तर सगळे स्कॅन पीएनजी आहेत. बाराशेच्या बाराशे जेपीजी करून घेऊ का आता?

प्रतिसाद १
नको नको! पीएनजीतही एक्सएमपी लिहिता येतं, विंडोजच्या प्रॉपर्टीजला ते दिसत नाही एवढंच. भाच्याकडे डिजिकॅम टाका आणि तेच दोन त्यात उघडा.