सरकारी हॉटेलं विकली, त्यात सरकारच्या हाती काय लागलं?

तापीकाठ (भुसावळ):
मंडळी, मागच्या महिन्यात अजिंठ्याकडे जाताना एका सरकारी रिसॉर्टात मुक्काम केला. गिझर बंद, गादीला कुबट वास, दोन पोळ्या यायला तास लागला, पण जागा अशी की व्हरांड्यात बसलं की समोर अख्खा डोंगर. सोबतचे सगळे म्हणे विकून टाका हे एकदाचं. वाजपेयींच्या काळात केंद्राने बरीच हॉटेलं विकली होती ना, त्यात सरकारला नीट पैसे मिळाले का? माहीत असेल तर सांगा, पक्षांची भांडणं नकोत.

केळीवाला (रावेर):
भाऊ, विकलं याचं मला दुःख नाही, कसं विकलं याचं आहे. मुंबई विमानतळाजवळचं सेंटॉर घ्या, एअर इंडियाच्या हॉटेल कॉर्पोरेशनचं. २००२ मध्ये ८३ कोटीला बत्रा हॉस्पिटॅलिटी या कंपनीला दिलं आणि काही महिन्यांतच त्यांनी ते सहाराला ११५ कोटीला विकलं. ३२ कोटी वरच्या वर गेले!! शेवटी बोली लावणारा एकच उरला होता, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनेही यावर ताशेरे ओढले. आता आपल्याकडे केळीची बाग कापणीला आली आणि बांधावर व्यापारी एकच आला तर बाजार समितीच्या बोर्डाचा भाव काहीही असो, हातात काय पडतं ते रावेर-यावलवाल्याला सांगायला नको, कारण घड थांबत नाही. हॉटेल थोडंच पिकून गळणार होतं, पुन्हा टेंडर काढायचं होतं ना.

धुळेकर:
दादा, थोडी दुसरी बाजू. ती जमीन विमानतळ प्राधिकरणाची, हॉटेल लीजवर, म्हणजे घेणाऱ्याला जमीन मिळतच नव्हती. त्यात ११ सप्टेंबर आणि संसदेवरचा हल्ला झाल्यावर परदेशी पाहुणे आटले, खोल्या रिकाम्या. थांबलं असतं तर पगार तर चालूच राहिले असते. निर्गुंतवणूक, म्हणजे सरकारी मालकी विकण्याचं खातं तेव्हा अरुण शौरींकडे होतं, त्यांनी निदान हात घातला.

केळीवाला (रावेर):
पगाराचं मान्य. पण मग त्याच सालात त्याच लीजवर दुसऱ्याने ११५ कसे दिले? आणि उदयपूरचं लक्ष्मी विलास हॉटेल बघा, फतेहसागर तलावाच्या काठावर, तेही तेव्हाच ७.५२ कोटीला विकलं. २०२० ला जोधपूरच्या सीबीआय कोर्टाने गुन्हा नोंदवायला सांगितलं, तपासात त्याची किंमत २५२ कोटी धरली होती. हायकोर्टाने स्थगिती दिली म्हणून कोणाला दोषी म्हणत नाही मी, पण एवढी तफावत पाहून पोटात कालवतं.

अमळनेरची_ताई:
आकडे बोलून झाले, माणसांचं कोणी बोललं नाही. माझे मामा अशाच एका हॉटेलात रूम सर्व्हिसला होते, व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन गावी आले, पैसे घर बांधण्यात आणि मामेबहिणीच्या लग्नात गेले. अजूनही आमच्याकडे आले की चादरीचे कोपरे तिरपे दुमडून गादीखाली घट्ट घालतात, सुरकुती राहू देत नाहीत. असं काम येणारी माणसं होती तिथे, वर बसलेल्यांना हॉटेल चालवता आलं नाही.

तापीकाठ (भुसावळ):
ताई, हे वाचून गप्प बसलो जरा वेळ. मग आपल्या डोंगरासमोरच्या जागेचं काय करावं? २०२१ ला केंद्राने सरकारी मालमत्तांतून पैसे उभे करायच्या यादीत दिल्लीचं अशोक हॉटेलही घेतलं, पण विकायला नाही, मुदतीवर चालवायला द्यायचं म्हणून.

केळीवाला (रावेर):
तेच करा. सातबारा सरकारच्या नावावर राहू द्या, चालवायला द्या, आणि किमान तीन बोल्या आल्याशिवाय पाकीट उघडूच नका.