दोन शिक्षकी जि. प. शाळेत चाचण्या कमी कशा करायच्या?

समिती सदस्य, पेठ (नाशिक): पहिली ते पाचवी, पट ४०, शिक्षक दोन. वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत, सत्रांच्या शेवटी संकलित १ आणि संकलित २, वर दर महिन्याची घटक चाचणी आणि शिष्यवृत्तीचे सराव पेपर. शासनाच्या चाचण्या आपल्या हातात नाहीत. मग शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने नेमकं काय कमी होईल?

शिक्षक, दिंडोरी: आधी घटक चाचण्या बंद करा. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयात आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे वर्षभर शिकवतानाच मुलांची प्रगती तपासण्याची, आठ साधनतंत्रं आहेत: निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय वगैरे. लेखी चाचणी त्यातली एक. पहिली-दुसरीला तर आकारिकला ७० टक्के भारांश आहे. गाडी अडते ती नोंदींवर. रोजच्या नोंदी राहून जातात आणि सत्र संपताना गुण भरण्यासाठी पेपर काढावा लागतो. एका शिक्षकाकडे २० मुलं; रोज पाच जणांची एकेक ओळ लिहिली तर चार दिवसांत सगळी होतात.

गणित साधन व्यक्ती: पायाभूत चाचणीचे पेपर तपासून कपाटात जातात, हे फार वाईट आहे. एका कागदावर उभे प्रश्न क्रमांक, आडवी मुलांची नावं, चुकलं तिथे फुली. निम्म्याहून जास्त फुल्या आल्या तर तो घटक सगळ्या वर्गाला पुन्हा शिकवा, कमी असतील तर तेवढाच गट घेऊन बसा. पडताळणीला पाटीवर तीन उदाहरणं पुरतात, नवा पेपर नको. तुमच्याकडची मुलं घरी कोकणा बोलत असतील, तर शाब्दिक उदाहरण त्या बोलीत सांगून बघा. मग सुटलं तर अडचण गणिताची नाही, वाचनाची आहे.

माजी केंद्रप्रमुख: शिष्यवृत्ती परीक्षा ऐच्छिक आहे. प्रत्येकी १५० गुणांचे दोन पेपर, दीड-दीड तासाचे. त्याचा सराव बसणाऱ्या मुलांपुरताच ठेवा, अख्ख्या वर्गाला नको. पाचवीच्या वार्षिक परीक्षेला मात्र हात लावू नका. तिथे नापास झालेल्या मुलाची दोन महिन्यांत फेरपरीक्षा असते, आणि त्यातही राहिला तर त्याला त्याच वर्गात ठेवता येतं.

राज्य चाचण्यांबद्दल गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे वेगळं निवेदन द्या. जिल्ह्याचं चित्र कळायला प्रत्येक मूल तपासावं लागत नाही. ४ डिसेंबर २०२४ चं परख हे देशपातळीवरचं सर्वेक्षणही निवडक शाळांतल्या तिसरी, सहावी, नववीचंच होतं.

समिती सदस्य, पेठ: म्हणजे ठरावात तीन गोष्टी: मासिक घटक चाचणी बंद, शिष्यवृत्ती सराव नोंदणी केलेल्यांनाच, पायाभूतचा फुल्यांचा तक्ता पुढच्या सभेत मांडायचा?

शिक्षक, दिंडोरी: हो. आणि रोजच्या नोंदींची वही दर महिन्याला समितीने बघायची, हेही त्यातच लिहा.