व्यक्तिमत्त्व चाचणीवरून करिअर ठरवावं का?

निशिगंध (धागाकर्ती)
माझ्या धाकट्या बहिणीने ऑनलाइन व्यक्तिमत्त्व चाचणी दिली. निकाल आला 'अंतर्मुख', आणि खालच्या कामांच्या यादीत शिकवणं नव्हतं. लहानपणापासून शिक्षिका व्हायचं म्हणणारी मुलगी आता म्हणते, 'माझा तो पिंडच नाही.' मला हे फार गंभीर वाटतं.

या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध चाचणी मायर्स-ब्रिग्ज. कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ती मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांविषयीच्या १९२१ च्या सिद्धांतावरून बेतली. माझा आक्षेप तिच्या विभागणीवर आहे. बहुतेक माणसं अंतर्मुख-बहिर्मुख यांच्या मधेच कुठेतरी असतात, पण चाचणी बरोबर मधोमध रेघ मारते. रेघेच्या जरा अलीकडचा आणि जरा पलीकडचा, दोघे जवळपास सारखे असूनही 'विरुद्ध' ठरतात. म्हणून तर काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की अनेकांचा प्रकार बदलतो!

अनवट
असहमत. इथे चूक त्या यादीची आहे, चाचणीची नाही. मायर्स-ब्रिग्जचे प्रकाशक स्वतःच सांगतात की नोकरभरतीत उमेदवार निवडायला ती वापरू नये. स्वतःकडे बघायला मात्र तिचा उपयोग होतो. 'मला गर्दीत थकायला होतं' हे कित्येकांना आयुष्यात पहिल्यांदा अशा प्रश्नावलीमुळे मोकळेपणी बोलता येतं. सल्ला देणारं कोणी नसलेल्या मुलांकडून तेवढाही आधार काढून घेऊ नका.

निशिगंध
@अनवट, पण 'अगदी माझंच वर्णन!' या भावनेवर किती विसंबायचं? १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना एकच वर्णन 'तुमचा निकाल' म्हणून दिलं. ते आपल्याला किती जुळतं, यासाठी विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी चारहून जास्त गुण दिले.

तळटीप
दोघंही एकाच चाचणीभोवती फिरताय. स्वभाव आणि आवड या वेगळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेली पद्धत आवडीवर बेतलेली आहे: हाताने काम करणं, शोध घेणं, कला, लोकांना मदत, पुढाकार घेणं, नीट नोंदी ठेवणं. करिअरसाठी हे प्रश्न जास्त कामाचे. अंतर्मुख मुलीला मदत करण्याची ओढ असू शकतेच की.

अनवट
हे पटलं. तरी स्वभाव बाजूला टाकता येत नाही. काम आवडीचं असूनही रोजच्या रोज दमवणारं असेल, तर माणूस आतून पिचतो. मी असे लोक जवळून पाहिलेत.

निशिगंध
मग ते कामातूनच कळू दे ना. ओळखीच्या दोन लहान मुलांना काही महिने शिकवून बघ, असं मी तिला सांगितलंय. दमली तर कशाने दमली तेही समजेल: मुलांमुळे, गोंगाटामुळे, की तयारीमुळे. यातल्या प्रत्येकावर उपाय वेगळा आहे, आणि 'अंतर्मुख' या एका शब्दात त्यातलं काहीच दिसत नाही.