माथेरानच्या नगराध्यक्षाने आधी कोणाला उत्तर द्यावे : मतदाराला की पाहुण्याला?

माथेरानकर (धागाकर्ता)

2011 च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या 4,393 होती. दिवाळीत, नाताळात आणि एप्रिल-मे महिन्यांत मात्र वाहने जिथपर्यंतच येऊ शकतात त्या दस्तुरी नाक्यावर पाहुण्यांची रीघ लागते, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाकडून नगरपरिषद प्रवासी कर घेते. गावाच्या उत्पन्नाचा मोठा आधार हाच कर असल्यामुळे, पैसा भरणारा एक आणि मत देणारा दुसरा अशी आमच्या नगरपरिषदेची स्थिती आहे. राज्यातल्या बहुतेक गावांना हा पेच पडत नाही. आम्हाला तो प्रत्येक अंदाजपत्रकात पडतो.

माझे मत स्पष्ट आहे. नगराध्यक्षाने आधी उत्तर द्यायचे ते इथे पावसाळा काढणाऱ्या माणसाला. पायथ्याच्या नेरळहून येणारी छोटी रेल्वेगाडी पावसाळ्यात बंद होते, दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून वरची फेरी तेवढी चालते. घोडेवाले, हमाल आणि छोटे दुकानदार यांची मिळकत आटते. गंभीर रुग्णाला मात्र त्या दिवसांतही आधी दस्तुरीपर्यंत आणि मग घाट उतरून खाली न्यावे लागते. वाहनांना आत बंदी असणे हे माथेरानचे वैशिष्ट्य आहे आणि ते टिकलेच पाहिजे, पण त्या वैशिष्ट्याची किंमत रोज मोजतात ती इथली म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. पॉइंटांवर कठडे आणि बाके बसवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत चटकन मंजूर होतो आणि गावातल्या आजाऱ्याच्या वाहतुकीचा प्रश्न वर्षानुवर्षे लांबतो, हे नेतृत्वाच्या अग्रक्रमाचे अपयश आहे.

रानवाट

आपला जिव्हाळा मान्य करूनही मी असहमत आहे. ज्या गावाची चूल पाहुण्यावर पेटते, त्या गावाच्या प्रमुखाने पाहुण्याला दुय्यम मानणे म्हणजे मतदाराचेच नुकसान करणे होय. मार्च 2025 मध्ये माथेरान बेमुदत बंद पुकारावा लागला, त्याचे कारण आठवावे. दस्तुरीवर उतरलेल्या पर्यटकांना चुकीची माहिती देऊन, छोटी रेल्वेगाडी असूनही नाही असे सांगून, जादा पैसे उकळले जातात, ही तक्रार खुद्द गावातल्याच व्यावसायिकांची होती, आणि बंद मागे घेण्यासाठी प्रशासनाला मध्यस्थी करावी लागली.

नाक्यावर शिस्त लावणे एवढे अवघड का जाते? साडेचारशेच्या आसपास परवानाधारक घोडे आहेत, प्रत्येकामागे एक कुटुंब आहे, आणि एवढ्या लहान गावात ती कुटुंबे म्हणजे निवडणुकीचा निकाल आहे. फसवला गेलेला पर्यटक मात्र दुसऱ्या दिवशी मुंबईला परततो आणि त्याचे मत माथेरानमध्ये नसते. म्हणूनच त्याची बाजू घेणारा नगराध्यक्ष हवा. मतदार स्वतःची काळजी मतपेटीतून घेऊ शकतो.

नेरळवासी

दोघेही नगराध्यक्षाच्या हातात नसलेली सत्ता गृहीत धरून बोलत आहात. 2003 च्या अधिसूचनेने माथेरान हे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झाले. भोवतालचे जंगल वन खात्याचे, रूळ रेल्वेचे, बांधकामाच्या प्रश्नावर या क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या सनियंत्रण समितीचा शब्द महत्त्वाचा, आणि 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम 308 नुसार जिल्हाधिकारी नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. उरते काय, तर पाणी, कचरा, दिवाबत्ती आणि घोड्यांची लीद.

माथेरानकर (धागाकर्ता)

नेरळवासी, अधिकार मर्यादित आहेत हे खरे, परंतु पुढाकार घेण्यास कोणतेही कलम आड येत नाही. हातरिक्षांचा प्रश्न पाहा. माणसाने माणसाला ओढत चढ चढायचा, हा प्रकार आपण सर्वांनी डोळ्यांदेखत चालू दिला. ई-रिक्षांसाठी हातरिक्षाचालकांच्या संघटनेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, मे 2022 मध्ये प्रायोगिक वापराला परवानगी मिळाली, पुढे या रिक्षा नेमक्या कोणाला द्यायच्या यावरही वाद झाला, आणि अखेर ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून चालकांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. दस्तुरी ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या वाटांवर नाहीत, हेसुद्धा न्यायालयानेच ठरवले. आपल्या गावात कोणत्या वाटेवर कोणता दगड बसवायचा हे दिल्लीत ठरावे, याचे मला मनापासून दुःख होते. घोडेवाले, रिक्षाचालक, हॉटेलमालक आणि पर्यावरणवादी यांना एका सभागृहात बसवून तोडगा काढणारे नेतृत्व इथे उभे राहिले असते, तर हा निकाल गावाच्या ठरावातून आला असता.

रानवाट, आपण मतपेटीचा दाखला देता. पण मुदत संपल्यावर राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदा प्रशासकाच्या हाती गेल्या आणि निवडणुकीसाठी डिसेंबर 2025 उजाडावा लागला. त्या काळात पाहुणा येतच होता आणि कर भरतच होता. दाद मागण्याचा हक्क गमावला होता तो रहिवाशाने.

रानवाट

प्रशासकाच्या राजवटीविषयी आपले म्हणणे योग्य आहे, तरीही मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. आता नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो, त्यामुळे कोणत्याही एका प्रभागाच्या किंवा एका धंद्याच्या नगरसेवकांवर त्याची खुर्ची अवलंबून नाही. हे बळ त्याने सर्वांत आधी नाक्यावर वापरावे : घोड्याचे, हमालाचे आणि ई-रिक्षाचे दर, तसेच गाडीच्या वेळा, कर भरण्याच्या खिडकीपाशीच ठळक अक्षरांत लावाव्यात, आणि जादा पैसे घेणाऱ्याचा परवाना निलंबित व्हावा, मग तो कोणाचाही नातेवाईक असो.

माथेरानकर (धागाकर्ता)

दरफलक लावावा, परवानाही निलंबित करावा. पण त्याच खिडकीवर गेल्या वर्षी प्रवासी कर किती जमला आणि त्यातला किती गावातल्या रुग्णवाहतुकीवर, पाण्यावर आणि शाळेच्या वाटेवर खर्च झाला, याचा हिशेबही लागला पाहिजे. तो वाचायला पाहुणा थांबेल की नाही, हा प्रश्न माझ्या लेखी गौण आहे.