घास मोजण्यापेक्षा भूक ओळखणं

मुलांचं जास्तीचं खाणं आवरायला ‘प्रत्येक घास ३२ वेळा चावायला लावा’ असा एक सल्ला दिला जातो. चौदा-पंधराच्या मुलांवर हे लादलं की जेवणाची शिक्षा होते आणि खाणं चोरून सुरू होतं.

त्यापेक्षा भुकेला १ ते १० अंक द्यायला शिकवा (१ म्हणजे कडकडून भूक, १० म्हणजे पोट गच्च), आणि तो मुलांनीच द्यायचा. ३-४ वर जेवायला बसायचं, ७ च्या आसपास थांबायचं. बहुतेक घरांत गडबड होते ती संध्याकाळी: डबा अर्धवट, मग क्लास, घरी येईपर्यंत भूक १ वर. तेव्हा कसलं भान राहणार? वेफर्सचं पाकीट संपतंच. म्हणून क्लासआधी मूठभर शेंगदाणे-फुटाणे किंवा उसळ हवीच. जेवताना मोबाईल दुसऱ्या खोलीत (आईबाबांचाही!). दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी पाचेक मिनिटं गप्पा; पोट भरल्याची जाणीव जेवायला सुरुवात केल्यापासून साधारण वीस मिनिटांनी होते. तरी भूक असेल तर बिनदिक्कत वाढा, वाढीचं वय आहे.

नुसतं असं भुकेकडे लक्ष देऊन, सजगतेने खाल्ल्याने वजन फारसं उतरत नाही. कंटाळा, ताण यांपायी होणारं खाणं मात्र आटोक्यात येतं. रोज वजनकाटा नको. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) मोठ्यांच्या आकड्यांवरून न ठरवता आयएपीच्या (भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना) २०१५ च्या तक्त्यावर वयानुसार बघा. जेवण टाळणं, उलट्या काढणं, पाळी थांबणं दिसलं तर हे सगळं बंद आणि थेट डॉक्टर.